दार कुणी लावलं

“परवानगी नाकारली.”

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीतल्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत एवढंच उमटलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं मला वाचता येतं.

“कोणी?” मी विचारलं.

“काय कोणी, नाखवीणबाई?” सेक्रेटरी पेरेकर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला.

“नाकारली कोणी? माझा मुलगा दर्यात आहे. त्याची बोट कुठं आहे ते ह्या डब्यात लिहिलेलं आहे असं तूच म्हणतोस. मग ते वाचायला मला नको म्हणणारा कोण? नाव सांग. मी त्याच्या दारात जाते.”

“नाव येत नाही हो. एवढंच येतं.”

“म्हणजे नाही म्हणणाऱ्याला तोंडच नाही. बाजारात मला असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याची टोपली उलटी केली असती.”

पेरेकरनं परत बटण दाबलं. परत तेच दोन शब्द.

आमची ‘चंपावती’ आदल्या दिवशी पहाटे सुरूदांड्याच्या धक्क्याला लागायची होती. लागली नाही. बोटीवर माझा हरेश आणि पाच खलाशी. त्यातला भिवा माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा. त्याची बायको कुसुम माझ्याकडे मासळी सुकवायला येते. ती कचेरीच्या पायरीवर बसली होती, पदराचं टोक दातांत धरून, एक शब्द न बोलता. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिला काही कळवायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. वादळ नव्हतं. वायरलेस मात्र मुका. तटरक्षक दलाचं विमान सकाळपासून डोक्यावरून जात-येत होतं, आणि त्यांच्या साहेबानं मला फोनवर विचारलं होतं, “आजी, मुलगा जाळं कुठं टाकतो?”

मी काय सांगणार? आमच्यात जागा सांगत नाहीत.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण जागा म्हणजे आमचं शेत, आमचं सोनं. कुठल्या खडकाच्या आडोशाला घोळ मासा येतो, कुठल्या गाळात कोळंबी बसते, हे बापानं मुलाला सांगायचं आणि मुलानं पोटात ठेवायचं. बायकोला सांगत नाहीत. मुलीला तर मुळीच नाही, कारण ती उद्या दुसऱ्या बंदरात नांदायला जाणार आणि तिच्याबरोबर जागाही जाणार. सरकारनं प्रत्येक बोटीवर खबर देणारं यंत्र बसवलं, तर आमचे नाखवे जागा जवळ आली की ते काढून बर्फाच्या पेटीत ठेवायला लागले. बर्फात त्याचा आवाज बाहेर जात नाही. परत येताना काढायचं, पुसायचं, लावायचं. सगळे करतात. हरेशही करतो. म्हणून सरकारच्या नकाशावर ‘चंपावती’ खाडीच्या तोंडाबाहेर गेली आणि विझली.

पण बोटीवर वाटाड्या होता.

बोटी विजेवर चालायला लागल्या त्या सुमारास हे वाटाडे आले. दिसायला भाकरीच्या डब्याएवढा. तो तळाचा आवाज ऐकतो, पाण्याची ऊब मोजतो, मागच्या साऱ्या खेपांत कुठं काय लागलं ते लक्षात ठेवतो, आणि ‘थोडं डावीकडे घे’ असं सांगतो. माझा नवरा, गोमा नाखवा, त्याला शिकवायला बसायचा. जणू पहिलीतलं पोर. “हा डोंगर दिसतो ना, त्याचं टोक देवळाच्या कळसावर आलं की गप थांब,” असं त्याच्याशी बोलायचा. ते बोलणंही वाटाड्यानं साठवलं. आणि तो जे जे शिकतो, जिथं जिथं जातो, ते आकाशातून किनाऱ्यावरच्या सोसायटीच्या साठ्यात उतरत राहतं. बोट बुडाली तरी ज्ञान बुडू नये म्हणून. बर्फाच्या पेटीत त्याला घालता येत नाही, तो बोटीच्या हाडात बसवलेला असतो.

म्हणजे हरेश कुठं होता ते ह्या खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. आणि मला परवानगी नव्हती.

“कुलूप फोड,” मी म्हणाले.

“फुटत नाही. जागा चोरीला जाऊ नयेत म्हणून आपणच असलं कुलूप मागून घेतलं. कोर्टाचा हुकूम आणला तरी ते हुकूम ऐकत नाही. किल्ली असली तर उघडतं, नसली तर जगातली सगळी मशिनं लावा, आपल्या नातवंडांच्या हयातीत उघडायचं नाही.”

पेरेकरनं साठा सांभाळणाऱ्यांना मुंबईला फोन लावला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, तुमच्या सोसायटीला विचारा. ‘आम्हीच सोसायटी,’ म्हटलं तर म्हणाली, मग वाटाड्याच्या कंपनीला विचारा. कंपनीनं गाणं ऐकवलं. गाणं संपल्यावर एक बाप्या म्हणाला, तुमच्या सिस्टीमच्या मुख्य अधिकाऱ्याशी संपर्क साधा.

“तो कोण?” मी पेरेकरला विचारलं.

त्यानं मान खाली घातली. “तसं बघितलं तर अध्यक्ष. धर्माशेठ.”

झालं. नाही म्हणणाऱ्याला मला तोंड मिळालं.

धर्मा वैती. माझ्या नवऱ्याचा एकेकाळचा जिवाभावाचा माणूस. पुढं एका जागेवरून दोघांचं फाटलं, ते नवरा जाईपर्यंत सांधलं नाही. मी ऊन डोक्यावर आलेलं असताना त्याच्या ओट्यावर उभी राहिले. कुसुम माझ्यामागून चालत आली होती. धर्माची सून पाणी घेऊन आली, ते मी अंगणात ओतलं.

“बाहेर ये, धर्मा! मेलेल्या मित्राच्या पोरावर सूड काढतोस? जागेसाठी सहा माणसं बुडवशील? माझ्या नवऱ्याच्या ताटात जेवलास, त्या अन्नाला तरी जाग!”

आळी जमली. मी थांबले नाही. मला थांबता येत नव्हतं. बोलायची थांबले असते तर खाली बसले असते, आणि बसले असते तर उठले नसते. त्याच्या बापापासून सुरुवात केली आणि त्याच्या दारूपर्यंत आले.

धर्मा मागच्या दारानं आला. गुडघ्यापर्यंत ओला, हातात दोराची गुंडाळी.

“झालं, वहिनी?”

“झालं नाही. श्वास घेते आहे.”

“माझ्या दोन्ही बोटी पहाटेच हरेशला शोधायला गेल्या. तिसरीत आता बॅटरी चढवून आलो. त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे नाही. असती तर तुम्ही यायच्या आधी दिली असती.”

“मग मशीन नाही का म्हणतं?”

“ते मला काय माहीत? मशीन कधी कुणाला सांगतं का?”

त्याचा चेहरा मी पाहिला. खोटं बोलणारा माणूस मासळी विकताना मी रोज पाहते. हा खोटं बोलत नव्हता. माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली, आणि मग मला खरी भीती वाटली. कारण भांडायला आता कुणी उरलं नव्हतं.

पायरीवरून कुसुम पहिल्यांदा बोलली. “भाऊ, ते बँकेत आहे ना, बोलणारं. का नाही म्हटलं ते सांगतं. माझ्या पेन्शनच्या वेळी त्यानंच सांगितलं, आधारकार्डावर तुमचं नाव माहेरचं राहिलंय म्हणून.”

धर्मानं दोर खाली टाकला. “उलगडा,” तो म्हणाला. “चला.”

* * *

आता हा उलगडा काय आहे ते मला समजलं तसं सांगते.

समजा, माझ्या घरात एक पेटी आहे. पेटी माझी, तिची किल्ली माझ्या कमरेला. पण पेटी ठेवली आहे आतल्या खोलीत, आणि त्या खोलीचं दार दुसऱ्या कुणाच्या ताब्यात. मग माझी किल्ली काय कामाची? संगणकात हेच असतं. एका फाईलपर्यंत जायला वाटेत दारांमागून दारं असतात. प्रत्येक दारावर यंत्र विचारतं, ही व्यक्ती आत जाऊ शकते का? जिथं ‘नाही’ येतं तिथं ते थांबतं. कुठल्या दारावर थांबलं, ते दार कुणाचं, कुणी कधी लावलं, हे सगळं यंत्राला माहीत असतं. पण आपल्याला ते दोनच शब्द सांगायचं.

त्यात थोडा आळस होता आणि बाकी भीती. दार कुठलं ते सांगितलं की चोरालाही कळतं कुठं घाव घालायचा. म्हणून सगळ्यांनाच अंधारात ठेवायचं. बापाला आणि चोराला एकच उत्तर.

उलगडा करणाऱ्यांनी तो गुंता सोडवला. तो आधी हिशोब करतो की विचारणाऱ्याला काय काय जाणून घ्यायचा हक्क आहे. तेवढंच सांगतो, पण तेवढं सगळं सांगतो, आणि आपल्या बोलीत सांगतो. पुढं कोण काय करू शकतं तेही सांगतो. दार मात्र तो उघडत नाही.

बँकेत, दवाखान्यात, शाळेत तो येऊन जुना झाला होता. आमच्या सोसायटीनं तो ठराव करून बंद ठेवला होता. बोलणारं यंत्र म्हणजे जागा बाहेर फुटायची, असं सगळ्या नाखव्यांचं मत पडलं. सभेत सर्वांत मोठ्यानं हरेश बोलला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

तो चालू करायचा अधिकार अध्यक्षाचा. धर्मानं काचेवर अंगठा टेकला.

“ठराव मोडला म्हणून तुम्हाला काढतील, अध्यक्ष,” पेरेकर हळूच म्हणाला.

“काढू देत.”

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आवाज आला. बाईचा होता की बाप्याचा ते कळलं नाही, पण आमच्याच बाजूचा होता.

“चांगुणाबाई, ‘चंपावतीची वाट’ ही फाईल वाचायचा तुम्हाला हक्क आहे. तो कुणीही काढलेला नाही. सोसायटीनं किंवा अध्यक्षांनी तुम्हाला अडवलेलं नाही.”

मी धर्माकडे पाहिलं नाही. त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

“मग?”

“ती फाईल एका खोलीत आहे. खोली गोमा नाखवा यांनी केली. त्यांच्या पश्चात ती तीन जणांकडे आली. तुम्ही, तुमची मुलगी सुगंधा आणि मुलगा हरेश. त्या खोलीचं दार लावलेलं आहे. म्हणून तुम्ही फाईलपर्यंत पोचत नाही.”

सुगंधा. नाव ऐकताच माझं डोकं तापलं.

“तिनंच लावलं. मला ठाऊकच होतं.”

सुगंधा लग्न करून खालच्या अंगाला काळबंदरला गेली. सासरच्या बोटी आहेत. त्याच वर्षी गोमाचं वर्षश्राद्ध आलं. माझी फार इच्छा झाली की त्याचा आवाज ऐकावा, ते डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस. हरेशच्या फोनवरून माझ्या नावानं बघितलं तर हेच तांबडे शब्द. परवानगी नाकारली. हरेश म्हणाला, ताईनं सगळं तिकडं नेलं असणार. मी तेव्हापासून तिचं नाव टाकलं. तिच्या मुलीच्या बारशाचं बोलावणं आलं, ते आणणाऱ्या माणसाला मी चहासुद्धा विचारला नाही. बापाचा आवाज जी आईला ऐकू देत नाही तिचं मी काय म्हणून तोंड पाहू?

“नाही,” उलगडा म्हणाला. “दार हरेश यांनी लावलं. सुगंधा यांच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात.”

“हरेशनं?” मी विचारलं.

“लावताना त्यांनी कारण नोंदवलं होतं. खोलीत तुमचा वाटा आहे, म्हणून ते ऐकायचा तुम्हाला हक्क आहे. ऐकायचं का?”

“सांग.”

“‘ताई काळबंदरला चालली. जागा बाहेर जायला नको. आये तिला कशालाच नाही म्हणत नाही, म्हणून आयेलाही बंद.’”

इतकी वर्षं मी एका दाराशी भांडत होते आणि दार लावणारा रोज माझ्या हातची भाकरी खात होता.

“किल्ली कुठं आहे?” धर्मानं विचारलं.

“हरेश यांच्या फोनमध्ये. त्यांच्याबरोबर.”

म्हणजे दर्यात.

“दुसरी वाट?”

“आहे. गोमा नाखवा यांनी खोली करतानाच नेम घालून ठेवला होता. तिघांपैकी कुणी दोघं एकाच वेळी होकार देतील तर दार उघडेल, लावणारा कुणीही असो. चांगुणाबाई आणि सुगंधा मिळून ते उघडू शकतात. सुगंधा यांनी विचारलं तर हेच सगळं मी त्यांनाही सांगेन. वाटा त्यांचाही आहे.”

“हरेशचं नाव तिला सांगू नको,” मी म्हणाले. “भाऊ आहे तिचा. राग आला आणि नाही म्हणाली तर?”

“मी गप्प राहू शकतो. पण विचारलं तर खोटं सांगणार नाही.”

“मेल्या, तुझं काय जातं?”

“माझं काहीच जात नाही,” उलगडा म्हणाला.

* * *

नंबर माझ्याकडे नव्हता. मी पुसून टाकला होता. पेरेकरनं शोधून लावला.

“हॅलो?”

“मी बोलते.”

पलीकडं इंजिनाचा घर्र आवाज. माणसांची ओरड.

“आये,” ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. “हरेश सापडला?”

“तुला कसं कळलं?”

“अख्ख्या किनाऱ्याला कळलंय. ह्यांच्या दोन्ही बोटी धक्क्यावर चालू करून उभ्या आहेत कालपासून. कुठं जायचं तेवढं सांग.”

कुसुम माझ्या पाठीमागं उभी होती, तिनं माझ्या खांद्याला बोट लावलं. नुसतं बोट.

“ते बाच्या खोलीत लिहिलंय,” मी म्हणाले. “तू आणि मी मिळून दार उघडायचं आहे.”

“मी?” सुगंधा हसली. बरं नव्हतं ते हसणं. “मला तर तू तिथून हाकललंस. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत बाचा आवाज ऐकायला गेले, तर परवानगी नाकारली. म्हटलं, आयेनं मला तोडलं. बारशाला बोलावून पाहिलं, तू आली नाहीस. मग खात्रीच झाली.”

मला वाटलं, म्हणावं ‘होय, मीच लावलं’. आईवरचा राग मुली गिळतात, भावावरचा कुठल्या थराला जाईल कोण जाणे. खोटं बोलायची मला लाज नाही, मी आयुष्यभर कालची मासळी आजची म्हणून विकली आहे. पण तेवढ्यात वाटलं, एका खोट्यानं ही पोरगी माझ्यापासून तोडली आणि दुसऱ्या खोट्यानं तिला जोडायला निघाले आहे मी.

“सुगंधे, ऐक. दार हरेशनं लावलं. तुला बंद आणि मलाही बंद. जागा काळबंदरला जाऊ नये म्हणून. मला आत्ता कळलं. मला वाटत होतं तू लावलंस.”



“आणि आता,” ती सावकाश म्हणाली, “जागा काळबंदरला दिल्याशिवाय तो सापडायचा नाही.”

“नाही सापडायचा.”

“आये, तू रडतेस?”

“मी कशाला रडू? वारा आहे इथं.”

“कचेरीत?”

“तुझी जीभ अजून तशीच आहे.”

“कुणाची मुलगी आहे?” ती म्हणाली. “लाव अंगठा. मी लावला.”

मी काचेवर अंगठा टेकला. मासळी कापून कापून त्याच्या रेघा झिजल्या आहेत, पहिल्यांदा काचेनं तो ओळखलाच नाही. पेरेकरनं रुमालानं पुसला. परत टेकला.

दार उघडलं.

पडद्यावर दर्या आला, आणि त्यावर टिंबांच्या रांगा, वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांसारख्या. गोमाच्या बापापासूनच्या सगळ्या जागा. मी त्या पहिल्यांदा पाहत होते. धर्मानं झटकन पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आमच्यात दुसऱ्याच्या जागेकडं बघणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोकडं बघणं.

“पेरेकर, शेवटची तेवढी जागा वाच,” तो भिंतीला म्हणाला. “बाकी मिटव.”

“वळा, भाऊजी,” मी म्हणाले. कित्येक वर्षांत मी त्याला भाऊजी म्हटलं नव्हतं. “बघितल्याशिवाय बोट नेणार कशी? सगळं बघा. तटरक्षकाच्या साहेबालाही पाठवा. काळबंदरला पाठवा. साऱ्या किनाऱ्याला पाठवा.”

“वहिनी, परत मिटवता येणार नाही हे.”

“मला माहीत आहे.”

शेवटच्या टिंबावर बोट टेकताच वाटाड्यानं त्या जागेची शिकवणी लावली. गोमाचा आवाज आला. खोकला, मग, “हितं खालनं ओढ आहे बरं का. हितं जो वाहून जाईल तो काळबंदरच्या अंगाला जाईल. ध्यानात ठेव.” फोनमधून सुगंधानंही ते ऐकलं. परत ऐकायला वेळ नव्हता. मग इंजिनांचा आवाज वाढला, आणि ती म्हणाली, “सुटल्या, आये. आमच्या बोटी सुटल्या.”

* * *

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्या धक्क्याला लागल्या. पुढं काळबंदरची बोट, मागून धर्माची.

पाण्यात अर्धवट बुडून वाहणाऱ्या एका मोठ्या लोखंडी कंटेनरवर ‘चंपावती’ आदळली होती. उलटली तशी सगळे तिच्या पोटाला धरून राहिले. गोमानं सांगितलं तशीच ओढ त्यांना काळबंदरच्या अंगाला घेऊन गेली. काळबंदरच्या बोटींना ते आदल्या दिवशी संध्याकाळच्या आधी दिसले.

पाच दिसले.

खलाशी एकेक उतरले. कुसुम प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. शेवटचा उतरला तेव्हाही ती बोटीकडंच बघत राहिली, अजून कुणी उतरायचं असावं तशी. त्या शेवटच्या खलाशानं तिच्यासमोर हात जोडले. “भिवादा काल दुपारपर्यंत धरून होता,” तो म्हणाला. “सगळ्यांना धीर देत होता. मग हात सुटला.”

दुपारपर्यंत. दुपारी मी धर्माच्या ओट्यावर उभी राहून त्याचा बाप काढत होते.

कुसुम धक्क्यावर बसली, पदराचं टोक परत दातांत धरलं. मी तिच्याजवळ बसले. कोणी मला तिथून उठवू शकलं नाही. विमानं आणखी काही दिवस फिरली. भिवा दर्यानं दिला नाही.

हरेश जावयाच्या खांद्यावर हात टाकून आला. ओठ फुटलेले, कातडी मिठानं सोललेली. माझ्या पायांशी बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवणार, तेवढ्यात तो कानाशी येऊन कुजबुजला,

“आये, जागा कोणाला कळली?”

माझा हात वरच राहिला.

“साऱ्या दर्याला कळली,” मी म्हणाले. “कुसुम तिथं बसली आहे. आधी तिच्याकडं बघ.”

त्यानं बघितलं नाही. खाली मान घालून बसून राहिला.

पुढं जे व्हायचं ते झालं. आमच्या जागांवर आता तीन बंदरांच्या बोटी दिसतात. धर्माला अध्यक्षपदावरून काढलं, आणि ज्यांनी काढलं त्यांनीच नव्या सभेत उलगडा चालू ठेवायचा ठराव केला. सुगंधा मुलीला घेऊन आली. पोरगी माझ्यासारखी काळी आणि भांडखोर आहे. आम्ही तिघी ओट्यावर बसून गोमाचं खोकणं ऐकतो.

हरेश बरा होऊन उठला आणि पहिलं काम त्यानं हेच केलं. माजघरात नवा फोन घेऊन बसला, बापाची खोली उघडायला. मी बाहेर ओट्यावर कोळंबी सोलत होते. आतून उलगड्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“हरेश, तुम्हाला परवानगी नाही. दार तुमच्या आईनं आणि बहिणीनं मिळून लावलं आहे. कारण असं नोंदवलं आहे: ‘कुसुमच्या घरी जा. भिवा तुझ्या बोटीवर गेला, हे तिच्यासमोर तुझ्या तोंडानं बोल. मग काळबंदरला जाऊन बहिणीला सांग दार कुणी लावलं होतं. मग आम्हाला विचार.’ दार त्या दोघी उघडू शकतात. तुमच्या आई आत्ता ओट्यावर आहेत.”

मग तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

“हे तू लिहवलंस, आये?”

“नाव सांगितलं ना त्यानं?”

“एवढं सगळं उघड सांगायची काय गरज होती?”

“तू मला दोन शब्दांत बाहेर ठेवलं होतंस,” मी म्हणाले. “मी नाव सांगून ठेवलं आहे. कारणही सांगितलं आहे. आता राग आला तर माझ्यावर धर, दुसऱ्या कुणावर धरायची वेळ तुझ्यावर यायची नाही.”

तो उभाच होता. मी कोळंबी सोलत राहिले. वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दार उघडलं असतं, इतका तो वाळला होता.

मग चपला सरकवल्याचा आवाज आला. तो पायऱ्या उतरला, कोपऱ्यावर थांबला. उजवीकडं धक्का, डावीकडं कुसुमचं घर. तो डावीकडं वळला तेव्हा मी हातातली कोळंबी खाली ठेवली, आणि पदर डोळ्यांना लावला. ओट्यावर वारा होता.